कृपया फोन ठेवू नका

दिवा राहू दे. अंधारात सांगितलेली गोष्ट अर्धी अंधारच सांगतो, आणि मला माझ्या गोष्टीत भागीदार नको. फक्त ते फोन तेवढे पालथे घाला सगळ्यांनी. हो, तुझाही.

ही गोष्ट माझ्या धाकट्या साडूची. साडू म्हणजे तुमच्या काकूच्या बहिणीचा नवरा. आजकालच्या पोरांना नाती फोड करून सांगावी लागतात. हा साडू फोनच्या यंत्रांचं काम करतो. मोठ्या ऑफिसात, दवाखान्यात टेबलाटेबलावर टेलिफोन असतात ना, ते इंटरनेटवरून चालवायची एक पेटी असते. गेटवे म्हणतात तिला. मी जन्मभर कात्री चालवली, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. त्याने मला समजावलं तसं सांगतो. एका बाजूने साध्या फोनच्या तारा आत जातात, दुसऱ्या बाजूने इंटरनेटची वायर बाहेर पडते, आणि मधे बसून ही पेटी दुभाष्याचं काम करते. शिवाय जे काही बोलणं होईल ते रेकॉर्ड करून पोटात साठवते.

साडू स्वभावाने मवाळ. कुणी ‘अहो, जरा बघता का’ म्हटलं की भरल्या ताटावरून उठणारा. त्याला एकुलती एक मुलगी. तिचं बारशाचं नाव आता कुणाच्या लक्षातही नसेल, सगळे तिला टकळी म्हणायचे. पण ही टकळी तीन वर्षांची होईपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. किती डॉक्टर झाले, किती तपासण्या झाल्या. माझी मेहुणी रडून रडून अर्धी झाली होती. आणि मग एका सकाळी पोरगी दुधाच्या पेल्याकडे बघून म्हणाली, ‘साय नको.’ बस, बांधच फुटला. त्यानंतर तोंडाला खळ म्हणून नाही. झोपेतसुद्धा बोलायची. ती बोलायला लागली की साडू हातातलं काम टाकून नुसता ऐकत बसायचा. मी कितीदा बघितलंय. त्या माणसाने आयुष्यात दुसरं काही मागितलंच नव्हतं.

तर दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार. अमावस्या-बिमावस्या काही नव्हती, बाहेर चांगलं टिपूर चांदणं पडलं होतं. भूत कॅलेंडर बघून येतं ही तुमच्या सिनेमावाल्यांची समजूत.

गावाबाहेर मोठ्या रस्त्याला लागून एक दवाखाना होता. दुमजली, खाली औषधांचं दुकान, मागे रुग्णवाहिका उभी करायला पत्र्याची शेड. तिथली पेटी सारखी अडकायची. तिचं पोट लहान, रेकॉर्डिंगं जास्त. पोट भरलं की पेटी ढिम्म हलायची नाही आणि फोन बंद पडायचे. त्यावर उपाय साधा होता. रेकॉर्डिंगं पेटीत न साठवता दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या कॉम्प्युटरवर पाठवायची. घरात जागा नसली की आपण सामान दुसरीकडे नेऊन टाकतो, तसं. पण हे काम करताना फोन थोडा वेळ बंद ठेवावे लागतात, म्हणून रात्री बोलावलेलं. साडू जेवून, पोरीला ‘लवकर येतो’ सांगून स्कूटरवर निघाला.

पेटी जिन्याखालच्या एका खोलीत होती. खोली कसली, कोनाडाच तो. एक टेबल, एक खुर्ची, भिंतीवर लोखंडी कपाट, त्यात ती पेटी आणि तिचे हिरवे दिवे. टेबलावर तीन बटणांचा एक फोन. एक बटण एका लाइनचं. रात्रपाळीच्या सिस्टरने कुलूप काढून दिलं आणि दारातच उभी राहिली. आत काही आली नाही.

साडूने कपाट उघडलं. पहिल्या लाइनची वायर जागेवर, दुसरीची जागेवर. तिसरीची खोबण मात्र रिकामी, वर काळी चिकटपट्टी लावलेली.

‘ही काढलीत का?’ त्याने विचारलं.

‘हो, दादा,’ सिस्टर म्हणाली. ‘जूनमध्येच काढली.’

‘काही बिघाड?’

सिस्टरने उलट विचारलं, ‘तुम्हाला माहीत नाही होय? मला वाटलं, त्यासाठीच तुम्हाला बोलावलंय.’

आणि तिने सांगितलं. जूनमध्ये एका रात्री पेटीचं पोट भरलं. फोन लागत होते, पण इथे वाजत नव्हते. करणाऱ्याला नुसता त्या टेपवरच्या बाईचा आवाज ऐकू यायचा: ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया फोन ठेवू नका.’ पुलापलीकडे एक म्हातारी बाई एकटी राहायची. तिच्या छातीत कळ आली. तिने रुग्णवाहिकेसाठी तिसऱ्या लाइनवर फोन लावला. जुन्या वळणाची बाई. ठेवू नका म्हणाले, तर तिने ठेवला नाही. दुसरीकडे कुठे लावला नाही, शेजाऱ्यांना हाक मारली नाही. सकाळी दूधवाल्याला दिसली, खुर्चीत बसलेली. रिसीव्हर कानाला तसाच.

‘बोटं सोडवावी लागली हो,’ सिस्टर म्हणाली. ‘मी तेव्हा ड्युटीवर होते. फोनच्या शेजारी बसून होते मी रात्रभर, आणि तो वाजलाच नाही.’ एवढं बोलून ती वरच्या मजल्यावर निघून गेली.

साडूला फार वाईट वाटलं. तो मला म्हणाला, ‘दादा, मी मनाशी म्हटलं, हे काम आज नीटच करून जायचं. परत असं कुणाचं व्हायला नको.’ बघा, हेतू किती चांगला.

तो कामाला लागला. लॅपटॉप जोडला, त्यावर पेटीच्या सेटिंगचं पान उघडलं, त्यात दुसऱ्या शहरातल्या कॉम्प्युटरचा पत्ता घातला, फोल्डरचं नाव, पासवर्ड. पेटी म्हणाली, फोल्डर सापडत नाही. पुन्हा घातलं. पुन्हा नाही. डोळे फाडून बघितलं तेव्हा कळलं, पत्त्यातली एक तिरकी रेघ उलटी पडली होती. एवढ्याशा रेघेपायी चांगला अर्धा तास गेला. असं झालं की तो कपाळावर हात मारून स्वतःशीच हसतो, तसा हसला. रेघ सरळ केली. पेटी म्हणाली, जोडलं.

आता चाचणी. एक फोन करायचा, थोडं बोलायचं, आणि त्याचं रेकॉर्डिंग तिकडच्या फोल्डरमध्ये पोचलं का ते बघायचं. या लोकांची एक सवय असते, चाचणीचा फोन घरीच लावायचा. दुसऱ्या कुणाला एवढ्या रात्री उठवणार? त्याने पहिल्या लाइनवरून घरी लावला आणि आवाज खोलीत ऐकू येईल असं बटण दाबलं.

मेहुणीने उचलला. ‘अहो, झोपलीच नाहीये ही. घ्या, बोला हिच्याशी.’

आणि टकळी सुरू. बाबा, तू कुठे आहेस, तिथे लाइट आहे का, आज आमच्या खिडकीत मांजर आलं होतं, त्याला एकच मिशी होती. साडू ‘हं, हं’ करत ऐकत होता आणि एका हाताने जुनी रेकॉर्डिंगं तिकडे हलवायचं बटण दाबत होता. फाइली भराभर जायला लागल्या. चांगलं चाललं होतं सगळं.

शेवटची एक फाइल अडकली.

त्याने पुन्हा बटण दाबलं. पेटी म्हणाली, ही फाइल हलवता येत नाही. कॉल अजून चालू आहे.

त्याने फाइलची तारीख बघितली. जून महिन्यातली. लाइन, तीन नंबर. आणि फाइलचा आकार… वाढत होता. त्याच्या डोळ्यांदेखत आकडा वाढत होता.

काय म्हणालास? बंद करून चालू करायची? केली. तुझ्याइतकी अक्कल त्यालाही होती. पहिली लाइन तुटू नये म्हणून त्याने फक्त तिसरी लाइन पेटीच्या पानावरून बंद केली. बंद झाली. हिरवा दिवा गेला.

मग परत लागला.

त्याने कपाटात वाकून बघितलं. खोबणीत वायर नाही. चिकटपट्टी तशीच. आणि वर दिवा चालू.

आता तुम्ही असता तर पळाला असता. मीही पळालो असतो, माझ्याकडे बघून हसू नका. पण कारागिराचं असं असतं, काम अर्धं राहिलं की त्याचा पाय निघत नाही. त्याला वाटलं, कुठेतरी दुसरी लाइन मिसळलीय, कुणीतरी फोन लावून विसरलंय. म्हणून बघावं तरी. त्याने टेबलावरचं तिसरं बटण दाबलं.

इथे चूक झाली. त्या फोनला एक खोड होती. पहिली लाइन न ठेवता आणखी एखादं बटण दाबलं की दोन्ही एकत्र जोडल्या जायच्या. ही खोड साडूला माहीत होती. दिवसातून दहादा असे फोन हाताळणारा माणूस तो. पण त्या क्षणी विसरला.

तिकडून टकळी बोलतच होती. ‘…आणि मग ते मांजर ना, बाबा…’

खोलीत खरखर ऐकू आली. खरखरीच्या मागे… श्वास. ओढून घेतलेला, म्हातारा.

‘हॅलो,’ साडू म्हणाला.

श्वास तसाच चालू.

‘हॅलो? कोण बोलतंय?’

‘आहे,’ बाईचा आवाज आला. अगदी हळू. ‘आहे मी… ठेवला नाही.’

साडू खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

‘ते म्हणाले, ठेवू नका,’ आवाज म्हणाला. ‘म्हणून… नाही ठेवला.’

टकळी बोलायची थांबली. मग तिने विचारलं, ‘बाबा, ही कुठली आजी?’

उत्तराची वाट न बघता तिने थेट आजीलाच विचारलं,

‘आजी, तुझ्याकडे मांजर आहे?’

‘नाही गं बाळा… इथे कुणी नाही.’

‘कुणीच नाही?’

‘ती एकटीच बाई बोलते. तेच तेच… तेच तेच बोलते.’

पोरीला वाईट वाटलं असणार. पोरांना वाटतं. ती म्हणाली, ‘मग मी बोलू तुझ्याशी? मला खूप येतं बोलायला.’

खरखर वाढली.

साडूने पहिली लाइन तोडायला हात पुढे केला. हात हलेना… म्हणजे बोट बटणावर होतं, पण दाबलं जाईना. त्याने मला दाखवलं ते बोट. म्हणाला, ‘दादा, कुणी धरलं नव्हतं. माझंच बोट माझं ऐकत नव्हतं.’

खरखरीत ती बाई काहीतरी म्हणाली. लांबलचक. त्यातलं त्याला काहीच लागलं नाही. शेवटचे दोन शब्द तेवढे स्वच्छ आले.

‘…ठेवू का?’

तुम्ही दिवसातून किती वेळा ऐकता हे? फोन संपला की माणूस विचारतो, ठेवू का? आणि आपण काय म्हणतो? विचार करतो का आपण? जीभ परस्पर उत्तर देते. त्यात त्याच्या मनात आलं, किती महिने ही बाई कुणीतरी ‘ठेव’ म्हणायची वाट बघत बसली असेल. कुणीच म्हटलं नाही तिला. भीती होतीच, पण भीतीपेक्षा कणव जास्त दाटून आली. म्हणालो ना मी, मवाळ माणूस.

‘हो हो, ठेवा,’ तो म्हणाला. ‘ठेवा, आजी. आता ठेवा.’

खट्.

दिवा गेला. तिसऱ्या लाइनचा. परत लागला नाही.

लॅपटॉपवर शेवटची फाइल सरकली. सगळ्या फाइली पोचल्या, असं आलं. साडू खुर्चीत बसला आणि चक्क रडला. सुटली बिचारी, असं वाटलं त्याला.

‘टकळे?’ त्याने हाक मारली. पहिली लाइन चालूच होती. पण तिकडून आवाज नाही. झोपली असेल म्हणून त्याने ती ठेवून दिली.

आता एकच काम उरलं होतं. पाठवलेल्यातली एखादी फाइल तिकडे उघडून ऐकायची, आवाज नीट पोचतो का बघायला. हे करावंच लागतं, त्याशिवाय काम पुरं होत नाही. त्याने तीच शेवटची उघडली, आणि शेवटाकडून थोडी ऐकली.

रेकॉर्डिंगमध्ये खरखर नव्हती.

एवढीशीसुद्धा नव्हती. शेजारी बसून बोलावं तसा स्वच्छ आवाज.

‘गोड बोलते हो तुमची पोर,’ बाई म्हणत होती. ‘इतक्या दिवसांत कुणी माझ्याशी बोललं नाही. एवढा हिचा आवाज… माझ्यापाशी ठेवू का?’

आणि मग साडूचा स्वतःचा आवाज.

‘हो हो, ठेवा. ठेवा, आजी. आता ठेवा.’

…

पाणी दे रे जरा.

…

तो घरी कसा पोचला त्याला आठवत नाही. लॅपटॉप तिथेच, कपाट उघडं. दारात मेहुणी उभी होती. त्याने काही विचारायच्या आत ती म्हणाली, ‘अहो, ही बघा ना कशी करतेय.’

टकळी पलंगावर बसली होती. जागी होती. बापाला बघून हसली. तोंड उघडलं. ओठ हलले, जीभ हलली, हात नेहमीसारखे हवेत नाचले, सगळी मांजराची गोष्ट तिने पहिल्यापासून सांगितली. आणि खोलीत आवाज कसला, तर भिंतीवरच्या घड्याळाचा.

पुन्हा सगळे डॉक्टर झाले. गळा ठीक, कान ठीक, डोकं ठीक. एक म्हणाले धक्का बसलाय, एक म्हणाले येईल हळूहळू. साडू त्या दवाखान्यात जाऊन तिसऱ्या लाइनवर तासन्‌तास बसला. हात जोडले, विनवण्या केल्या. आजी, परत द्या हो, मला तसं म्हणायचं नव्हतं. पण तो दिवा लागला नाही. पुढे दवाखान्याने पेटीच काढून टाकली. भंगारवाल्याने ती फोडलेली मी माझ्या डोळ्यांनी बघितली.

मेहुणी म्हणाली, ती फाइल पुसून टाका. साडूचा हात धजावला नाही. म्हणाला, ‘पुसली आणि तिच्याबरोबर तिचा आवाजच कायमचा पुसला गेला तर?’ म्हणून तिकडचं ते फोल्डर त्याने तसंच चालू ठेवलं. अधूनमधून उघडून नुसता बघायचा.

आणि महिन्याभरात त्यात एक नवी फाइल आली.

पेटी भंगारात, वायर नाही, लाइन नाही. पाठवणार कोण? पण फाइल होती. मग दुसरी आली. येतच राहिल्या. प्रत्येकीवर लिहिलेलं, लाइन तीन. आत एकटी टकळी बोलत असते. मधे थांबते, कुणीतरी उत्तर देत असावं तशी, आणि हसून पुन्हा सुरू होते. पलीकडचं काही ऐकू येत नाही. साडू रात्री कानाला लावून ऐकत बसतो. मेहुणी त्या खोलीत जात नाही.

गेल्या रविवारी मी आणि तुमची काकू त्यांच्याकडे गेलो होतो. मुलीला आता सहा पुरी झाली. शाळेत जाते, शहाणी आहे, खुणांनी सगळं सांगते. मी दिसताच धावत आली आणि माझ्यापुढे मूठ उघडली. मुठीत दात होता. वरचा, पुढचा. सकाळीच पडला म्हणे. मी म्हटलं, अरे वा, मोठी झालीस की. ती तोंड भरून हसली, ते एवढंसं भोक दाखवत. हिने दात दाखवावा आणि ‘काका, बघ’ एवढंही म्हणू नये.

रात्री सगळे झोपल्यावर साडूने मला हाक मारली. त्या दिवशी आलेली फाइल लावली. माझ्याने ऐकवणार नव्हतं, पण नाही कसं म्हणू?

टकळीचाच आवाज. दोन वर्षांपूर्वीचा नव्हे. आवाज जरा थोराड झालेला, सहा वर्षांच्या पोरीचा. कुणाकडे तरी हट्ट करत होती.

‘सशाची सांग ना, आजी,’ ती म्हणाली.

आणि दोन्ही ‘स’मधून शिटीसारखी हवा निसटली.